बोर्डगेमच्या टेबलावर साठीपुढचे गडी

आमच्या बोर्डगेमच्या गटात जुलै २०२४ पासून साठ ते एक्याऐंशी वयाची मंडळी नियमित खेळायला येतात. त्याआधी आम्ही दहा-बारा जण होतो, तिशी-चाळिशीतले, बहुतेक संगणकासमोर बसून पोट भरणारे. आता रविवारी चार टेबलं लागतात आणि निम्मी डोकी पांढरी असतात. हे जमायला अर्धं वर्ष गेलं. खेळांचा भाग त्यातला सर्वांत सोपा निघाला. वेळ खाल्ला तो जागा, कागदपत्रं, उजेड आणि खुर्च्यांनी. बाहेरगावच्या दोघा-तिघांनी "आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारलं, म्हणून झालं तसं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी आम्ही कोथरूडमधल्या एका कॅफेत खेळायचो. पहिला मजला, लिफ्ट नाही, मोठ्या आवाजात गाणी, आणि माणशी दीडशे रुपयांचं काहीतरी मागवायलाच हवं. जानेवारी २०२४ मध्ये एका मित्राची आई आली. वय त्र्याहत्तर, बँकेतून निवृत्त. आम्ही रमीक्यूब लावला. आकड्यांच्या १०६ टाइल्स असतात, पहिल्यांदा उतरताना किमान ३० गुण लागतात, बाकी जीव रमीचाच. मावशींनी दुसराच डाव जिंकला. निघताना म्हणाल्या, "खेळ झकास आहे. पण तुम्ही सगळे काय बोलत होतात त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. आणि आता तो जिना उतरायचाय." पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. बोलावलं तर "गुडघे" म्हणाल्या, आणि वर "माझ्या भिशीतल्या चौघी-पाचजणी येतील, पण तिथे नाही" असंही म्हणाल्या.

म्हणून जागा शोधायला लागलो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बाहेरच्यांना मनाई. देवळाच्या सभागृहात रविवारी कायम काही ना काही कार्य. एका वाचनालयाची खोली आवडली होती, पण स्वच्छतागृह अंगणापलीकडे आणि उकिडवं बसायचं. ज्यांना ज्येष्ठांसाठी जागा बघायचीय त्यांनी सर्वांत आधी स्वच्छतागृह बघावं. कमोड आहे का, धरायला दांडा आहे का, फरशी ओली राहते का. पत्रक, पोस्टर, खेळ हे सगळं त्यानंतर.

शेवटी जवळच्या उद्यानातलं महापालिकेचं विरंगुळा केंद्र सापडलं. तळमजला, उतार, आतच कमोड. सकाळी वर्तमानपत्रं आणि कॅरम, गुरुवारी भजन, शनिवारी व्याख्यान. रविवारी दुपारनंतर कुलूप. मिळकत पालिकेची, चालवतो तिथला ज्येष्ठ नागरिक संघ. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर पाटी: "येथे पत्ते खेळण्यास सक्त मनाई आहे."

संघाचे सचिव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज द्या. कार्यकारिणी दुसऱ्या शनिवारी बसते." फेब्रुवारीच्या सभेत अर्ज आला आणि तीन प्रश्न निघाले. तुमची संस्था नोंदणीकृत आहे का? संघाचं सभासदत्व साठीनंतर मिळतं, मग तुम्ही कोण म्हणून बसणार? आणि हे पत्ते म्हणजे जुगार नव्हे, हे कशावरून?

पहिल्या दोन्ही प्रश्नांवर तोडगा सचिवांनीच सुचवला. आम्ही संस्था काढायची नाही. (कुणी तसा सल्ला दिला तर आधी विचार करा. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, घटना लागते, आणि मग दरवर्षीचे हिशेब मागे लागतात. रविवारी दोन तास खेळायला एवढा संसार नको.) त्याऐवजी संघाने ठराव करायचा की 'बैठे खेळ' हा संघाचाच साप्ताहिक उपक्रम आहे, आणि आमच्यापैकी आठ जण 'निमंत्रित साहाय्यक'. अर्ज संघाच्या लेटरहेडवर गेला. तुम्हीही हाच रस्ता धरा. बाहेरच्या गटाने जागा मागितली की सगळ्यांना शंका येतात; संघाने स्वतःचा उपक्रम म्हणून दाखवला की फाइल हलते.

जुगाराचा प्रश्न जास्त रंगला. संघातल्या एका निवृत्त वकिलांनी पुढच्या सभेत सगळ्यांचा वर्गच घेतला. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, आणि त्याचं कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलंय. आणि पैसेच लावले नाहीत तर प्रश्न कुठे येतो? यावर एक सभासद म्हणाले, "पाटी आपण लावलीय, न्यायालयाने नाही." ही पाटी का लागली ते नंतर कळलं. पूर्वी कुणीतरी रोज दुपारी पैसे लावून तीनपत्ती खेळायचं आणि एकदा हातघाईवर आलं होतं. त्यामुळे त्यांची भीती पोकळ नव्हती. कॅरमवर चहा लागतो, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला कुणाची हरकत नव्हती.

शेवटी हमीपत्र द्यायचं ठरलं: कोणताही खेळ पैसे वा वस्तू लावून खेळला जाणार नाही, हार-जितीवर देवघेव होणार नाही. आम्ही ते शंभराच्या स्टॅम्पपेपरवर केलं. टायपिंग आणि नोटरी धरून साडेचारशे रुपये लागले. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराचे स्टॅम्पपेपर बंद होऊन किमान पाचशेचा लागतो, तेव्हा आता खर्च जास्त धरा. आधी विचारून घ्या की साध्या कागदावरची सही चालेल का. पुष्कळ ठिकाणी चालते.

मार्चमध्ये ठराव झाला, अर्ज पालिकेच्या संबंधित कार्यालयात गेला, आवक क्रमांक पडला, आणि १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. नव्या उपक्रमांच्या परवानग्या थांबल्या. सचिवांनी फोनवर सांगितलं, "आता ६ जूनपर्यंत आंबे खा."

हे तीन महिने वाया गेले नाहीत. मित्राच्या आईने भिशीतल्या दोघींना गाठलं आणि आम्ही त्यांच्या घरी जाऊन आमचे खेळ एकेक करून त्यांच्यासमोर मांडले. कुठे अडतंय ते बघायचं होतं. अडलं ते आम्हाला वाटलं होतं तिथे नाही.

नियमांशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. रंगांशी होतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर पडत जातं आणि निळा-हिरवा-जांभळा यांतला फरक पुसट होतो. मोतीबिंदू पिकत असेल तर आणखीच. क्विर्कलमध्ये सहा आकार, सहा रंग आणि १०८ काळ्या लाकडी टाइल्स असतात. हातात धरायला उत्तम, पण दिवेलागणीला लाल-नारिंगी एक दिसतात. आम्ही नारिंगी चित्रांच्या मध्यावर पांढऱ्या मार्करने ठिपका दिला. खेळ विद्रूप झाला म्हणून आमच्यातला एक जण अजून हळहळतो. अझूल या रंगीत टाइल्सच्या दुसऱ्या खेळात टाइल्सवर नक्षी वेगवेगळी असल्याने तिथे अडचण कमी आली.

दुसरी अडचण चकाकीची. खेळणारे लोक पत्त्यांना गुळगुळीत प्लास्टिकची पाकिटं घालतात. दिवा वर असेल तर त्यावर फक्त दिवाच दिसतो. मॅट पाकिटं आणली. शंभराचा जुडगा दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो. तिसरी अडचण हातांची. तेरा पत्त्यांचा पंखा धरून बसणं संधिवाताच्या बोटांना त्रासाचं आहे, आणि कंप असेल तर पत्ते पडतात आणि मग माणूस ओशाळतो. ओळखीच्या सुताराकडून उरलेल्या सागवानी पट्ट्यांना तिरपी खाच पाडून घेतली, हातभर लांब, पत्ते उभे राहतील अशी. नगाला साठ रुपये पडले. आता त्या पट्ट्या आम्ही चाळिशीतलेही वापरतो, कारण एक हात चहाला मोकळा राहतो.

उजेडाचं विचारलं तर केंद्रातल्या वायरिंगला हात लावायला वेगळी परवानगी लागणार होती. म्हणून चार्ज करून वापरायचे टेबलदिवे घेतले, सातशेला एक, असे चार. जमिनीवर वायर लोळवायची नाही हे मनाशी पक्कं होतं. हातात चहा आणि पायात वायर हे मला बघायचं नव्हतं. टेबलांवर जाड फेल्टचं मऊ कापड अंथरलं. श्रवणयंत्र लावणाऱ्याला फाशांचा टेबलावरचा खडखडाट माणसाच्या बोलण्यापेक्षा मोठा ऐकू येतो, हे तोवर आमच्या ध्यानीमनी नव्हतं. नियमांचे एकेक पान मराठीतून लिहून मोठ्या ठशात छापून घेतले.

नवे खेळ मात्र घेतले नाहीत. परदेशी खेळांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. आमच्याकडे होतं त्यातूनच निवडलं.

परवानगीचं पत्र जूनच्या अखेरीस हातात पडलं. रविवारी दुपारी चार ते साडेसहा, अकरा महिन्यांसाठी. अनामत तीन हजार, साफसफाईचे दर वेळी दोनशे. पालख्या पुण्यातून पुढे गेल्यावरचा पहिला रविवार, ७ जुलै, सुरुवातीसाठी ठरला. संघाला फलकावर 'बैठे खेळ खेळा, स्मृतिभ्रंश टाळा' असं लिहायचं होतं. त्यांच्यातल्याच एका डॉक्टर काकूंनी ते खोडलं. त्या म्हणाल्या, २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास आला होता. बोर्डगेम खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला होता, पण खेळल्यामुळे तो टळतो असं त्यातून सिद्ध होत नाही; ज्यांचा मेंदू शाबूत आहे तेच खेळायला बसत असतील. फलकावर मग फक्त वेळ लिहिली.

पहिल्या दिवशी आम्ही दहा आणि ते सहा. दोघे दूरवर खुर्च्या टाकून बघत बसले. पाऊस इतका की छताखाली काही ऐकू येईना, त्यामुळे नियम सांगण्याचा प्रश्नच मिटला: पान हातात, पहिला डाव सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून, आणि चुकेल तिथे बोट. ती पद्धत इतकी बरी वाटली की तीच ठेवली. वीस-पंचवीस मिनिटं नियमांचं कीर्तन करायची आमची सवय सुटली, आणि तरुण मंडळीही मनातून सुखावली असणार.

त्याच दिवशी एका निवृत्त गणिताच्या शिक्षिकेने आमच्यातल्या एकाला झापलं. तो प्रत्येक चालीला "अरे वा आजी!" करत होता. "मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं. टाळ्या नकोत. मघाशी कुठली टाइल घ्यायला नको होती, ते डाव संपल्यावर सांग." तेव्हापासून दोन नियम पाळतो. चाल चालू असताना कुणी कुणाला सुचवायचं नाही, आणि मुद्दाम हरायचं नाही.

सुचवण्याचा रोग सहकारी खेळांत सर्वांत जास्त. पॅन्डेमिक नावाचा खेळ आमच्या गटाचा लाडका. सगळ्यांनी मिळून साथ आटोक्यात आणायची. एक तर कोविडनंतर त्या पेटीकडे बघून दोघी-तिघी "हे नको" म्हणाल्या. शिवाय अशा खेळात अनुभवी माणूस नकळत सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो, आणि ज्येष्ठ शेजारी असला की त्याला ऊतच येतो. पहिले काही महिने असे खेळ बाजूला ठेवले. अपवाद एकच झाला, द क्रू. हाही सहकारी, पण बोलायला जवळजवळ बंदी. आपल्या हातात काय आहे हे फक्त एका पत्त्यावरून, ठरावीक खूण करून सांगता येतं. खेळ उतारीचा. चार रंगांचे पत्ते आणि चार रॉकेटं, रॉकेट म्हणजे हुकूम. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तो पचायला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. जन्मभर मेंढीकोट खेळलेल्या चौघांना "रॉकेट हा हुकूम, आणि हा पत्ता हिने घ्यायचाय" एवढं सांगितलं आणि पुढे आम्ही नुसते बघे. भिडूच्या हातात काय असेल हे न बोलता ओळखण्यात त्यांची उमर गेलीय. त्यातल्या पन्नास मोहिमांपैकी तिसाव्याच्या पुढे तेच आधी पोचले.

कोडनेम्सला भाषेची अडचण होती, म्हणून मराठी शब्दांचे पत्ते आम्हीच बनवले. पंचवीस शब्द मांडायचे, एकाच शब्दाचा इशारा आणि आकडा द्यायचा. एका काकांनी "पंढरपूर, तीन" म्हटलं. त्यांच्या नातवाच्या वयाच्या भिडूला माळ आणि वीट सापडली, 'टाळ' समोर असूनही तो म्हणाला, "टाळणे? पंढरपूरला काय टाळायचं?" त्या रविवारी तो डाव तिथेच थांबला, कारण हसून हसून काकांना ठसका लागला.

एक्याऐंशी वर्षांच्या आजी कापडी सारीपट घेऊन आल्या. अधिक चिन्हासारखा, प्रत्येक बाहूवर तीन ओळी आणि ओळीत आठ घरं, सोबत कवड्या. दुसऱ्या आजी कोल्हापूरकडच्या. किती कवड्या उताण्या पडल्या म्हणजे दान किती, यावर दोघींचं जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. आम्ही दोन्ही पद्धती दोन कागदांवर लिहून ठेवल्यात आणि ज्यांचा पट त्यांचा नियम एवढंच ठरवलंय.

ऑगस्टमध्ये एका काकांची साखर खेळता खेळता उतरली. घाम फुटला, हात थरथरले. शेजारी डॉक्टर काकू होत्या म्हणून निभावलं. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांत सावरले. त्यानंतर प्रत्येकाचा एक कागद करून घेतला: घरचा फोन नंबर, औषधं, कशाची ॲलर्जी. तो पेटीत वरच ठेवतो. पाच वाजता खाणं सक्तीचं. कोरडं खाणं आणा, चिवडा-भजी नको, तेलकट बोटांनी पत्ते खराब होतात. संकष्टी रविवारी आली तर राजगिऱ्याचे लाडू. चहा दोन थर्मासमध्ये, एक बिनसाखरेचा, आणि झाकणावर ठळक लिहून ठेवायचं.

डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधारात दुचाकी चालवणं बऱ्याच जणांनी सोडलेलं असतं. उपस्थिती अर्ध्यावर आली तेव्हा कारण विचारलं आणि वेळ साडेतीन ते सहा केली. वेळ बदलायलाही अर्ज लागला, पण तो एका सभेत झाला.

पैशांचं एकंदर: सुरुवातीला दिवे, पट्ट्या, फेल्ट, छपाई, हमीपत्र मिळून सात हजारांच्या आसपास, शिवाय अनामत. आता माणशी वीस रुपये घेतो, त्यात साफसफाई आणि चहा निघतो. कॅफेपेक्षा स्वस्त. हाताच्या नसलेल्या प्लास्टिक खुर्च्यांवरून उठताना त्रास होतो म्हणून हातवाल्या खुर्च्या हव्या होत्या. त्या संघाने आपल्या निधीतून घेतल्या.

सगळे टिकले असं नाही. सुरुवातीला बघत बसणारे दोघे अजून बघतच बसतात आणि त्यांना तेच हवंय. ज्यांना ऐकायला फारच कमी येतं त्या एका काकांना चारजणांच्या टेबलावरही त्रास व्हायचा. आता ते भिंतीला पाठ करून, दोघांचाच डाव खेळतात. आमच्या जुन्या गटातले दोघे मात्र "वेग कमी झाला" म्हणून सोडून गेले. झाला, हे खरं आहे.

आता परवानगीच्या नूतनीकरणाचं चाललंय आणि त्यात नवं त्रांगडं आलंय. रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले एक काका टिकेट टू राइड या रेल्वेने शहरं जोडायच्या खेळात सगळ्यांना धूळ चारतात. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्कचं २१ गुणांचं तिकीट त्यांच्या हाती गेलं की बाकीच्यांनी हात टेकावेत. त्यांना कुणीतरी १८३० या खेळाबद्दल सांगितलं. १९८६ मधला, रेल्वे कंपन्यांचे शेअर घ्यायचे, रूळ टाकायचे, गाड्या विकत घ्यायच्या, कंपनी बुडवायचीसुद्धा. पूर्ण डावाला सहा तास सहज जातात. काकांनी तो कुणाकडून तरी मिळवला, नियम वाचून वहीत रकाने आखले, आणि एक अख्खा रविवार सकाळपासून केंद्र मागितलंय. अर्ज गेलाय. त्यावर कार्यकारिणीची हरकत अशी की यात शेअर विकत घेतात, लाभांश वाटतात, मग हमीपत्राचं काय? वकीलकाका म्हणतात, नव्या हमीपत्रात 'खेळातील खोट्या नोटा वगळून' एवढे शब्द घाला. सभा दुसऱ्या शनिवारी आहे.